कॉफी महागली, पाकिटावरची माहिती मात्र तेवढीच

न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात फेब्रुवारी २०२५ मध्ये अरेबिका कॉफीच्या दराने पौंडाला, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅमला, चार डॉलरची पातळी प्रथमच ओलांडली. १९७७ पासून टिकून राहिलेला उच्चांक त्याआधीच, डिसेंबर २०२४ मध्ये मोडला होता. ब्राझीलमधील दुष्काळ आणि व्हिएतनाममध्ये पावसाने दिलेली ओढ ही त्यामागची प्रमुख कारणे. त्यानंतर दरात चढउतार होत राहिले. पण घरी कॉफी करणाऱ्या मुंबई-पुण्यातील ग्राहकाला या तेजीची जी झळ बसली, तिच्या निमित्ताने एक प्रश्न विचारायला हवा. जादा पैसे मोजून आपण नेमके काय विकत घेतो, हे त्याला कळते का?

या दरवाढीबद्दल उत्पादकाला दोष देता येणार नाही. आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील निर्यात कोटा १९८९ मध्ये कोलमडल्यानंतर बाजार घसरत गेला आणि २००१ मध्ये अरेबिकाचा दर पौंडाला ५० सेंटच्याही खाली आला. त्या काळात कोडगू, चिकमगळूर आणि वायनाडमधील लहान बागायतदार कर्जात बुडाले. अलीकडच्या तेजीने त्यांना उसंत दिली, हे स्वागतार्हच आहे. तक्रार आहे ती बागेपासून कपापर्यंतच्या प्रवासात ग्राहकापर्यंत न पोहोचणाऱ्या माहितीची.

भारतात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे दोन तृतीयांश कॉफी निर्यात होते. इटली आणि जर्मनी हे तिचे मोठे ग्राहक. परदेशी खरेदीदार प्रत, दाण्याचा आकार, ओलाव्याचे प्रमाण आणि चव तपासून माल घेतो. देशी ग्राहकाला ही संधी फार उशिरा मिळाली. कॉफी बोर्डाच्या जुन्या व्यवस्थेत सर्व बागांचा माल एकत्र गोळा करून विकला जात असे. त्यात बागेची ओळख पुसली जाई. ही सक्ती टप्प्याटप्प्याने सैल होत १९९६ मध्ये संपली आणि बागायतदाराला आपला माल स्वतः विकता येऊ लागला. आज पाकिटावर बागेचे नाव दिसते, ते या बदलामुळेच. २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी आणि अराकू खोऱ्यातील अरेबिकाला, तसेच वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

चिकोरीचा हिशेब

घरोघरी जाणारी बहुतेक फिल्टर कॉफी मात्र आजही पूड स्वरूपात आणि चिकोरी मिसळून येते. चिकोरी ही भाजून दळलेली मुळी. तिच्यात कॅफिन नसते. ती पेयाला गडद रंग, दाटपणा आणि कडवट गोडवा देते. अनेकांना ती चव आवडते आणि त्यात गैर काहीच नाही. पण अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असली की पुरते. म्हणजे पाकिटातील जवळजवळ निम्मा ऐवज चिकोरी असू शकतो आणि तरीही तो विक्रेता नियमातच असतो. दोन्हींचे प्रमाण छापणे बंधनकारक आहे. ते वाचण्याचे काम आपले. साठ-चाळीस मिश्रणाच्या ५०० ग्रॅम पाकिटात कॉफी ३०० ग्रॅमच असते. दोन पाकिटांच्या किमतींची तुलना करताना हा हिशेब धरावा. अख्ख्या बिया घेतल्या तर हा प्रश्नच उरत नाही, कारण दाण्यांत चिकोरी लपवता येत नाही.

दरांच्या चर्चेत करांचा उल्लेखही हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून इन्स्टंट कॉफीवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. भाजलेल्या बिया आणि पूड यांवर तो आधीपासूनच ५ टक्के होता. त्यामुळे कराची ही सवलत फिल्टर कॉफी पिणाऱ्याच्या वाट्याला आली नाही. त्याला बचत करायची असेल, तर ती निवड आणि साठवण यांतूनच होऊ शकते.

भाजल्याची तारीख महत्त्वाची

कच्ची बी कोरड्या जागी काही महिने चांगली राहते. भाजल्यावर मात्र तिचे आयुष्य आठवड्यांत मोजावे लागते. भाजताना बीमध्ये कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पुढील दिवसांत तो हळूहळू बाहेर पडतो. चांगल्या पाकिटावरील बारीक झडप यासाठीच असते. ती वायू बाहेर सोडते, पण हवा आत येऊ देत नाही. भाजल्यानंतर चार-पाच दिवसांपासून महिन्याभरापर्यंत बीचा स्वाद उत्तम असतो. पुढे तिच्यातील तेलाचा प्राणवायूशी संयोग होऊन कॉफीला शिळा वास येतो. दळल्यावर हीच क्रिया कित्येक पटींनी वेगाने घडते. पुडीचा सुगंध पहिल्या काही तासांतच उडू लागतो.

तरीही पाकिटावर उत्पादन किंवा पॅकिंगची तारीख आणि वापराची मुदत छापली की कायद्याचे समाधान होते. बिया केव्हा भाजल्या, हे सांगण्याचे बंधन नाही. वर्षभराची मुदत असलेले पाकीट दहाव्या महिन्यात अपायकारक ठरणार नाही, पण त्यात स्वाद उरलेला असेलच असे नाही. म्हणून भाजल्याची तारीख छापणाऱ्या किंवा विचारल्यावर सांगणाऱ्या विक्रेत्याकडूनच खरेदी करावी. माटुंग्यासारख्या भागात समोर बिया दळून देणाऱ्या दुकानांची परंपरा आहे. तेथे हा प्रश्न सहज विचारता येतो.

पाकिटावरचे अन्य शब्दही समजून घ्यावेत. 'प्लांटेशन' म्हणजे धुऊन तयार केलेली अरेबिका, 'पार्चमेंट' म्हणजे धुतलेली रोबस्टा आणि 'चेरी' म्हणजे फळासकट वाळवलेली कॉफी. 'एए' किंवा 'ए' ही अक्षरे मुख्यतः दाण्याचा आकार सांगतात, ताजेपणा नव्हे. रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन असते. दूध-साखरेच्या, वर जायफळाची चिमूट घातलेल्या आपल्या घरगुती कॉफीत रोबस्टाचा कडकपणा उठून दिसतो. दुधाशिवाय पिणाऱ्याने मध्यम भाजलेली अरेबिका घ्यावी.

साठवण

भाजलेल्या बीमध्ये ओलावा जेमतेम दोन-तीन टक्के असतो. त्यामुळे ती भोवतालचे बाष्प पटकन शोषते. मुंबई-कोकणातील पावसाळा तिचा मोठा शत्रू. हवा, प्रकाश आणि उष्णता हे बाकीचे तीन. स्वयंपाकघरातील घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा उत्तम, मात्र तो लहान असावा. अर्ध्या रिकाम्या डब्यात हवाच साठते. डबा शेगडीजवळ ठेवू नये, त्यात ओला चमचा घालू नये. फ्रिजमध्ये रोज आत-बाहेर केल्याने बियांवर दव धरते आणि लसूण-हिंगाचा वासही लागतो. जास्तीचा साठा ठेवायचाच असेल, तर आठवड्यापुरत्या बंद पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. पुडी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे थोडे आणणे. कपाला १५ ग्रॅम धरले, तर रोज दोन कप करणाऱ्या घराला २५० ग्रॅम बिया आठवडाभर पुरतात. किलोच्या पाकिटावर वाचलेले पैसे शेवटच्या पंधरवड्यातील बेचव कॉफीत वसूल होतात.

बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेने २०२५ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. उत्तम वाण आणि उत्तम लागवड यांबाबत देशाकडे एवढा अनुभव असताना, भाजल्याची तारीख पाकिटावर छापण्याचा साधा नियम करणे अवघड नाही. तो होईपर्यंत दुकानात उभे राहून ती तारीख विचारण्याचा अधिकार ग्राहकाने वापरावा. विचारणारे वाढले, तर विक्रेत्यांनाही ती छापावी लागेल.