बसतात किती ते नको, परवाना कितीचा ते सांगा!

कॅटामरान भाड्याने घेऊन समुद्रात वाढदिवस, बॅचचं गेट-टुगेदर, ऑफिसची पिकनिक. मुंबई-गोव्यात हे आता चांगलंच रुजलंय. माझी हरकत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाने समुद्रावर जायलाच हवं. हरकत आहे ती "करू की ॲडजस्ट" या रोगाला.

परवाच आमच्या ग्रुपसाठी चौकशी केली. एजंटने मेन्यू, केक, स्पीकर, ड्रोन सगळ्याचे दर दोन मिनिटांत पाठवले. मी विचारलं, परवाना किती जणांचा? उत्तर आलं, "दादा, कागदावर 12 आहे, पण 20 आरामात बसतात. आणि कॅटामरान उलटत नाही हो!"

हे अर्धसत्य आहे. दोन सांगाडे आणि रुंद बूड असल्यामुळे ती कमी कलते, हे खरं. पण तिच्या तळाशी वजनदार कील नसते. एकदा पालथी झाली की ती आपणहून सरळ होत नाही. वजन जास्त झालं की मधला डेक पाण्याजवळ येतो आणि लाटा खालून आदळतात. वर डॉल्फिन दिसला की वीसच्या वीस जण मोबाइल घेऊन एकाच बाजूला!

18 डिसेंबर 2024 विसरलात? घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली, 15 जीव गेले. धडक स्पीडबोटीची, मान्य. पण 84 प्रवाशांचा परवाना असलेल्या बोटीत शंभराहून जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. ते सक्तीचं झालं कधी? प्रेतं बाहेर काढल्यावर. त्याआधी मे 2022 मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघं गेले होते. मे 2023 मध्ये केरळात तानूरला 22. आपण शिकलो काय?

'कॅटामरान' हा शब्द तमिळ 'कट्टुमरम'वरून जगभर गेला. शब्द आपल्या देशातला, शिस्त मात्र दुसऱ्यांची! ग्रीसमध्ये कप्तानाशिवाय बोट हवी असेल तर तुमच्यातल्या एकाकडे परवाना लागतो, शिवाय दुसरा अनुभवी माणूस लागतो. तिथे आपली मंडळी निमूट कागद दाखवतात. इथे जेट्टीवर हीच मंडळी भांडतात, "लहान मुलं काय मोजता?"

कुणी म्हणेल, बोटवाल्यांच्या पोटावर पाय देऊ नका. उलट आहे! समजा भाडं 24,000 आहे. नियम पाळणारा 12 जण नेतो, म्हणजे माणशी 2,000. वीस कोंबणारा 1,200 मध्ये नेतो. गिऱ्हाईक कुणाकडे जाणार? मग अपघात झाला की धंदा दोघांचाही बंद. प्रामाणिक माणसाच्या पोटावर पाय कोण देतंय, तुम्हीच ठरवा.

मेरिटाइम बोर्डाकडे माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक बोटीवर प्रवासी-क्षमता मोठ्या मराठी अक्षरांत रंगवा. सुटण्याआधी जेट्टीवर डोकी मोजा, मुलांसकट. नावांची यादी किनाऱ्यावर ठेवा. मुलांच्या मापाची जॅकेटं नसतील तर बोट सोडू नका. यासाठी नवा कायदा लागत नाही, उन्हात उभा राहणारा एक माणूस लागतो.

आणि आपण? ॲडव्हान्स देण्याआधी परवान्याचा फोटो मागा. टाळाटाळ झाली तर दुसरी बोट बघा. केक घरीही कापता येतो.

पटलं तर आपापल्या पिकनिकच्या ग्रुपवर टाका. डिसेंबर आल्यावर नाही, आत्ताच.