पाळीतल्या कामगाराने मॅचचे किती पैसे मोजायचे?

पीण्या औद्योगिक क्षेत्रात दुसरी पाळी साधारणपणे दुपारी २ वाजता लागते आणि रात्री १० वाजता सुटते. श्री कंठीरवा स्टेडियमवर बेंगळुरू एफसीची मॅच असते ती बहुधा संध्याकाळी ७.३० च्या सुमारास. पीण्यापर्यंत मेट्रो २०१४ सालीच आली आणि स्टेडियमजवळचे कब्बन पार्क स्टेशन २०१६ मध्ये सुरू झाले. जाणे-येणे सोपे झाले हे खरे. पण लेथवर किंवा पॉवर प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाला त्या सोयीचा उपयोग काय? पाळी बदलून मागावी तर सुपरवायझर ऐकत नाही, खाडा करावा तर रोज बुडतो. तेव्हा मॅच पाहायची ती मोबाईलवर, जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटे आणि खोलीवर परतल्यावर उरलेली. त्या पाहण्याचे किती पैसे घ्यावेत, असा हा साधा प्रश्न आहे.

रेल्वे आणि पोस्टातल्या साथींना हा प्रश्न परका वाटू नये. आर.एम.एस.मध्ये रात्रीच्या सेटवर सॉर्टिंग करणारा, रनिंग रूममध्ये पुढच्या गाडीची वाट पाहणारा, पॉइंट्समन, ट्रॅकवरचा माणूस, या सगळ्यांची मैदानाशी अशीच ताटातूट आहे. पीण्याचे नाव घेतले ते एवढ्यासाठी, की तिथे ही गोष्ट ढळढळीत दिसते. शेजारी जलहळ्ळीला एचएमटी आणि बीईएल उभे राहिले, आणि अशा मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांनी हा पट्टा भरला. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडची आपली मराठी बोलणारी मुलेही तिथे आहेत. बेंगळुरूचे फुटबॉल तर कारखान्यांनीच वाढवले. आयटीआय आणि एचएएलचे संघ त्या शहराची शान होते. एचएएल २०१०-११ मध्ये आय-लीगपर्यंत पोहोचले होते. आजचा बेंगळुरू एफसी २०१३ साली एका मोठ्या उद्योगसमूहाने काढला, पण त्याच्यावर जीव टाकणारी माणसे तीच. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत या क्लबने इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना जिंकला, आणि तो एकमेव गोल जादा वेळेत मुंबईच्याच राहुल भेकेने केला. निपाणीच्या पोराने त्या रात्री कोणता झेंडा धरायचा?

ज्याला मैदानात जाता येत नाही त्याच्याकडून काय घ्यावे, हा प्रश्न सगळ्या जगासमोर एकदम आला तो २०२० मध्ये. महामारीमुळे मैदाने बंद झाली. २०२०-२१ ची इंडियन सुपर लीग संपूर्णपणे गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर, प्रेक्षकांविना खेळवली गेली. त्यावर्षी अध्यक्षापासून हेल्परपर्यंत कोणालाच तिकीट नव्हते, सगळे पडद्यापुढे. मोबाईलवर पाहायचे तर डिस्ने प्लस हॉटस्टारची वर्षाची वर्गणी होती ३९९ रुपये. बेंगळुरूच्या वाट्याला साखळीचे २० सामने होते, म्हणजे सामन्यामागे २० रुपये पडले. संघ सातवा आला, तो भाग वेगळा.

२० रुपये अन्यायाचे आहेत असे मी म्हणणार नाही. चहा-वडापावात तेवढे जातात. पण दुकानात २० रुपये घेऊन गेलेल्या माणसाला माल मिळत नव्हता; ३९९ एकरकमी मोजावे लागत आणि सोबत वर्षभराच्या मालिका, सिनेमे आणि क्रिकेट पदरात घ्यावे लागे. लॉकडाऊननंतर कारखाने अर्धे चालू असताना, पगार तुटत असताना, ही एकरकमी गोष्ट जड जात होती. सप्टेंबर २०२१ पासून सर्वात खालचा दर ४९९ झाला, तोही एकाच मोबाईलपुरता. लग्गेरे किंवा हेग्गनहळ्ळीच्या एका खोलीत पाच-सहा जण राहतात. त्यांनी एका फोनच्या पडद्यावर डोकी एकत्र करून मॅच पाहायची. ज्याच्या घरी मोठा टीव्ही आहे त्याच्यासाठी वेगळा, वरचा दर. गरिबाचा दर स्वस्त ठेवताना त्याचा पडदाही लहान ठेवला.

इंग्लंडमध्ये त्याच सुमारास जे घडले ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये प्रीमियर लीगने नेहमीच्या प्रक्षेपणात न बसणाऱ्या सामन्यांसाठी प्रत्येकी १४.९५ पौंड आकारायचे ठरवले. आपल्या हिशेबाने तेव्हाचे सुमारे चौदाशे रुपये. तिथले प्रौढ कामगाराचे किमान वेतन त्यावेळी ताशी ८.७२ पौंड होते, म्हणजे एका सामन्याला जवळजवळ पावणेदोन तासांची मजुरी. तीही मूळ वर्गणी भरून वर. न्यूकॅसलच्या प्रेक्षकांनी काय करावे? त्यांनी शिव्याशाप देण्यात वेळ घालवला नाही. सामना विकत घ्यायचा नाही आणि तेच १४.९५ पौंड गावातल्या अन्नछत्राला द्यायचे, असा निरोप फिरवला. इतर क्लबांचे प्रेक्षकही त्यात उतरले. एकमेकांच्या संघाला पाण्यात पाहणारे लोक या बाबतीत एक झाले आणि देशभरात तीन लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. नोव्हेंबरमध्ये लीगने तो जादा आकार मागे घेतला. संप आपण बरेच पाहिले, पण प्रेक्षकांचा इतका नेटका संप क्वचितच पाहायला मिळतो.

त्याच देशातल्या खालच्या विभागांच्या लीगने सामन्यामागे १० पौंड घेतले, पण ज्याने हंगामाचे तिकीट आधीच काढले होते त्याला घरच्या मैदानावरचा सामना त्याच तिकिटात दाखवला. लहान क्लबांचा प्रपंच दारावरच्या उत्पन्नावर चालतो, हे लोकांना ठाऊक होते. म्हणजे दर असणे हा लोकांचा राग नव्हता. कोणाच्या खिशात जातो, आणि आधीच दिलेल्या पैशांवर पुन्हा का, हा राग होता.

आपल्याकडे पुढे वेगळेच झाले. २०२२ चा विश्वचषक जिओसिनेमाने फुकट दाखवला. २०२३-२४ ची इंडियन सुपर लीगही तिथे फुकट होती. पीण्यातल्या खोल्यांत आनंदीआनंद झाला आणि आपल्यापैकी पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन बड्या कंपन्यांचे धंदे एक झाले, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आले आणि मोबाईलपुरते तीन महिन्यांचे १४९ रुपये असा दरफलक लागला. दुकानदार दोन होते तोवर माल फुकट, एक झाल्यावर किंमत. यात कोणाचा कट शोधायला नको, बाजार असाच चालतो. पण म्हणूनच फुकटाच्या मागणीवर माझा विश्वास नाही. मालकाने खुशीने दिलेला बोनस आणि करारात लिहिलेला बोनस यांतला फरक या पानाच्या वाचकांना सांगावा लागत नाही.

कोणी म्हणेल, कंपनीने हक्क विकत घेतले, ती वाटेल तो भाव लावील. मग हे पाहा. कंठीरवा स्टेडियम कर्नाटक सरकारचे, फातोर्डा गोवा सरकारचे. प्रक्षेपण ज्या लहरींवरून होते त्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगून ठेवले. मोबाईलपर्यंत चित्र येते तेही सरकारने लिलावात दिलेल्या स्पेक्ट्रमवरून. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्रण प्रसार भारतीला देणे खाजगी वाहिन्यांवर बंधनकारक केले, आणि विश्वचषकाचे उपांत्य व अंतिम सामने त्या यादीत आहेत. लीगचे सामने नाहीत. २०१७ मध्ये न्यायालयाने हेही स्पष्ट केले की हे चित्रण दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यावर आणि फ्री डिशवरच दाखवता येईल, खाजगी केबलवरून नाही. तरी गावाकडच्या घरावर महिन्याच्या भाड्याशिवाय चालणारी फ्री डिशची तबकडी असते, आणि तिच्यावर हप्त्याला एक लीग सामना यावा एवढी मागणी काही आकाशातली नव्हे.

कराचेही असेच उफराटे आहे. राज्यांचे संघ खेळतात अशा मान्यताप्राप्त स्पर्धेचे ५०० रुपयांपर्यंतचे तिकीट काढून मैदानात बसणाऱ्याला जीएसटी माफ. पाळीमुळे जाता आले नाही म्हणून मोबाईलवर पैसे भरणाऱ्याला १८ टक्के.

खर्च येतो, हे मान्य. कॅमेरेवाले, केबल ओढणारे, समालोचक हेही राबणारेच लोक आहेत आणि त्यांतले कितीतरी कंत्राटी. त्यांची मजुरी कापून मला मॅच फुकट नको. मला हवा आहे तो सामन्याचा सुटा दर, आणि तो त्या मैदानावरच्या सर्वात स्वस्त तिकिटापेक्षा कमी. ज्याने हंगामाचे तिकीट काढले आणि ड्यूटी लागली म्हणून गेला नाही, त्याच्याकडून पुन्हा पैसे घेऊ नयेत. आणि सर्वात महत्त्वाचे, एकदा पैसे भरले की संपूर्ण मॅच निदान दोन दिवस पाहता आली पाहिजे. लोको पायलटचा मोबाईल ड्यूटीवर बंद असतो, आणि तो बंदच असला पाहिजे. ७.३० ची मॅच तो दुसऱ्या दिवशी दुपारी पाहील. त्याच्यासाठी तीच थेट मॅच; फक्त कोणी निकाल सांगू नये.

ही मागणी आत्ताच करण्याचे कारण आहे. भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना व्यापारी हक्क दिले होते. तो करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला. त्याआधी नव्या निविदा काढल्या तेव्हा एकही बोली आली नाही. भांडवल पाठ फिरवते तेव्हा महासंघाला प्रेक्षकांची आठवण होते, तोवर होत नाही. लांब मुदतीचा जो करार यापुढे होईल त्यात प्रेक्षकांच्या दराचे कलम घालून घ्यायचे तर ते सह्या होण्याआधी.

महासंघ आपले ऐकेल का? कामगारांचे या खेळावर काही देणे नाही असे नाही, उलट खेळाचेच आपल्यावर देणे बाकी आहे. ईस्टर्न रेल्वेच्या संघाने १९५८ साली कलकत्त्याची लीग जिंकली तेव्हा पी. के. बॅनर्जी त्या संघात होते. रेल्वेने साठच्या दशकात तीन वेळा संतोष ट्रॉफी उचलली. ज्या खेळाडूंना रेल्वेने, कारखान्यांनी नोकरी देऊन सांभाळले, त्यांच्या जोरावर हा खेळ या देशात तगला.

आपल्या हातातले मात्र आपणच करून घेतले पाहिजे. रेलटेल ही रेल्वेचीच कंपनी. स्टेशनांवर तिचे वाय-फाय आहे. मार्च २०२१ मध्ये तिने सशुल्क योजना काढल्या तेव्हा रोजचा पहिला अर्धा तास फुकट आणि पुढे १० रुपयांत दिवसभर ५ जीबी, असा दर होता. मॅच ९० मिनिटांची. अर्ध्या तासात पुष्कळदा गोलही होत नाही. रनिंग रूम आणि आर.एम.एस. कार्यालयांच्या विश्रांतिगृहांत तरी ड्यूटीवरून उतरलेल्या कर्मचाऱ्यांना ही जोडणी पूर्ण वेळ मोफत मिळावी, आणि सामन्याचा सुटा पास पोस्टाच्या खिडकीवर रोख पैशांत विकत घेता यावा. पीण्यातल्या नव्या हेल्परकडे बँकेचे कार्ड असतेच असे नाही, पण कोपऱ्यावरचे पोस्ट त्याला माहीत असते. गावाला मनिऑर्डर तो तिथूनच करतो. शाखांनी या दोन मागण्यांचा ठराव आपापल्या पुढच्या सभेत मांडावा आणि मंजूर प्रत केंद्रीय कार्यालयाकडे पाठवावी.