करवलीची प्रकृती

तुळशीची लग्ने लागली की लग्नसराई सुरू होते आणि आमच्या खोपटच्या दवाखान्यात एक ठराविक मागणी घेऊन मुली येऊ लागतात. "डॉक्टर, परवा मैत्रिणीचं लग्न आहे. मी करवली आहे आणि माझी तारीख नेमकी त्याच दिवशी येतेय. गोळी लिहून द्या ना." काही जणी तेवढेही करीत नाहीत. शेजारच्या वहिनींनी सांगितलेली गोळी परस्पर दुकानातून आणतात, आणि लग्न पार पडल्यावर डोके धरून माझ्यासमोर येऊन बसतात.

करवली म्हणजे वधू किंवा वराच्या मागे करा-दिवा घेऊन उभी राहणारी. पूर्वी हा मान सख्ख्या किंवा चुलत-मावस बहिणीचा असे. आता घरात एक नाही तर दोन मुले, तेव्हा बहिणीची जागा जिवाभावाच्या मैत्रिणीकडे येते. ही गोष्ट मला फार आवडते. फक्त त्या मानापोटी मुली प्रकृतीचे जे हाल करतात, त्याबद्दल लिहायचे आहे.

आधी गोळीबद्दल. पाळी पुढे ढकलण्यासाठी बहुतेक वेळा दिली जाते ती नॉरएथिस्टेरॉन या संप्रेरकाची गोळी. शरीरातील प्रोजेस्टेरॉन उतरले की गर्भाशयाचे अस्तर सुटते व पाळी येते. ही गोळी ते अस्तर धरून ठेवते. म्हणून ती पाळीच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करावी लागते, बहुधा दिवसातून तीन वेळा घ्यावी लागते, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. आदल्या रात्री एक गोळी गिळून काही साधत नाही. निरोगी मुलीने डॉक्टरांना विचारून एखाद्या वेळी घेतली तर आकाश कोसळत नाही, हेही खरे. मळमळ, डोकेदुखी, छातीत भरल्यासारखे वाटणे, एवढ्यावर बहुधा निभावते. पण जिच्या स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती, जिला यकृताचा विकार आहे, जिची अर्धशिशी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषांनी सुरू होते, जिला अवेळी रक्तस्राव होतो आणि त्याचे कारण सापडलेले नाही, किंवा जिला दिवस गेल्याची शंका आहे, तिने ही गोळी परस्पर घेऊ नये. या औषधाचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनच्या जातीच्या संप्रेरकात बदलतो व रक्त गोठण्याची शक्यता थोडी वाढवतो. त्यात वऱ्हाडाच्या बसमध्ये रात्रभर पाय लोंबकळत बसणे आलेच. गोळी घेतल्यावर एक पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर वरात सोडून रुग्णालय गाठावे.

आणि हे सगळे कशासाठी? पाळीच्या रक्तात अपवित्र असे काही नाही, आणि त्या दिवसांत हातात करा धरल्याने कुणाचे काही बिघडत नाही. मी मुलींना विचारते, "नवरीला विचारलंस का?" बहुतेकींनी विचारलेलेच नसते. कुठल्या तरी मावशी काय म्हणतील या धाकाने परस्पर ठरवलेले असते. नवरीने आपण होऊन "तारखेचा विचार करू नकोस, तू उभी राहा" असे सांगितले, तर माझ्याकडच्या निम्म्या चकरा वाचतील असे मला वाटते.

दुसरा प्रकार घेरी येऊन पडण्याचा. नवरीचा उपास असतो म्हणून मैत्रीखातर करवलीचाही उपास. नऊवारी किंवा जड शालू नेसून संडासला जाणे नको म्हणून पाणीही बंद. मग मुहूर्त लांबतो, प्रत्येक काकांनी स्वतः रचलेली मंगलाष्टके म्हणायची असतात, होमाचा धूर, दिव्यांचा झोत. ताठ उभे राहिले की रक्त पायांत साठते आणि मेंदूला कमी पडते. म्हणून करवलीने सकाळी पोहे-उपमा खाऊन, मीठ-साखरेचे पाणी पिऊनच उभे राहावे, गुडघे ताठ ठेवू नयेत, मधूनमधून टाचा उचलाव्यात. डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी हातातला दिवा दुसरीकडे द्यावा, मग सरळ खाली बसावे. पडलीच तर आडवी निजवून पाय उंच करावेत आणि कमरपट्टा सैल करावा. शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी ओतू नये. कांदा आणि चप्पल हुंगवणे आता पुरे झाले. एक-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही तर डॉक्टरांना बोलवावे.

मेंदीबद्दल एकच सांगते. खरी मेंदी काळी रंगत नाही. झटपट काळी होणाऱ्या मेंदीत पीपीडी हे रसायन असते. त्याने हातावर फोड येतात आणि पुढे जन्मभर केसांच्या कलपाचीही ॲलर्जी राहू शकते.

आता पाठराखणीकडे वळते. आपल्या जिल्ह्यातल्या कल्याणच्या, १८६५ साली जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे लग्न नवव्या वर्षी झाले. त्या काळच्या तेवढ्याशा मुलीबरोबर सासरी कुणी मोठे जाणे ही गरजच होती. आता नवरी सव्वीस-सत्तावीसची, कमावती, तेव्हा पाठराखीण कशाला, असे म्हणतात. माझे मत निराळे आहे. नव्वदच्या दशकात मी वैद्यकीयला शिकत असताना एका मैत्रिणीची पाठराखीण म्हणून गावी दोन दिवस राहिले. संडास परसात, आणि वाटेवरच्या ओटीवर सगळी पुरुषमंडळी बसलेली. मैत्रीण सकाळपासून पाणीच प्यायली नव्हती. मग मीच दर दोन-तीन तासांनी "चल ग, मला सोबत हवी" म्हणून तिला उठवू लागले.

लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यांत नव्या नवऱ्यांना लघवीचा जंतुसंसर्ग पुष्कळ होतो. कमी पाणी, तासन्‌तास लघवी दाबून ठेवणे आणि नवे शरीरसंबंध, ही तिन्ही कारणे एकदम येतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड, त्यामुळे जंतू सहज वर चढतात. जळजळ, वारंवार लागणे, ओटीपोटात दुखणे, ही लक्षणे दिसली तर लघवी तपासून औषध पूर्ण घ्यावे. थंडी वाजून ताप आला किंवा पाठीत कुशीकडे दुखू लागले, तर मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेल्याची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. भरपूर पाणी प्यावे आणि संबंधानंतर लघवीला जाऊन यावे, हे साधे उपाय. हे नवरीला सांगणार कोण? माझ्याकडे ती येते तेव्हा शेजारी सासूबाई असतात आणि ती फक्त "पोटात दुखतं" एवढेच म्हणते. मग काहीतरी निमित्त काढून सासूबाईंना बाहेर बसवावे लागते.

तेव्हा या मोसमात जिला मैत्रिणीने करवली व्हायला बोलावले असेल, तिने जमल्यास पाठराखीण म्हणूनही दोन दिवसांची रजा काढावी, आणि त्या घरात पाऊल टाकताच न्हाणीघर व संडास कुठे आहे हे मैत्रिणीच्या वतीने मोठ्याने विचारून घ्यावे.