एकाहत्तर मार्कांचं इंग्रजी

शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. संध्याकाळी कुकर लावत होते, तेवढ्यात समोरच्या वहिनी हातात एक कागद घेऊन आल्या. चेहरा असा, की मला वाटलं कोर्टाची नोटीसच आली की काय! म्हणाल्या, "हे बघा हो जरा. नववीच्या इंग्रजीच्या सरांनी दिलंय. खाली पालकांची सही पाहिजे म्हणे. सगळं इंग्रजीत आहे. न वाचता सही कशी करू मी?"

माझी धाकटी त्याच वर्गात आहे. तिच्या दप्तरातही तो कागद होताच, पण बाईसाहेबांनी अजून बाहेर काढला नव्हता.

विद्यार्थ्यांकडून अपेक्षा आणि विद्यार्थ्यांच्या जबाबदाऱ्या, असं वर लिहिलेलं आणि खाली अकरा कलमं. वही-पुस्तक रोज आणायचं. गाईड वर्गात आणायचं नाही. शब्दांसाठी वेगळी वही करायची, रोज पाच नवे शब्द लिहायचे आणि ते स्वतःच्या वाक्यात वापरायचे. चुकलेलं वाक्य खोडायचं नाही, त्यावर एक रेघ मारून खाली बरोबर लिहायचं. गृहपाठ स्वतः करायचा. दादाकडून, क्लासमधून किंवा मोबाईलवरून करून आणायचा नाही. शाळा बुडाली तर काय शिकवलं ते मैत्रिणीला विचारून घेण्याची जबाबदारी आपली. कुणी चुकीचं बोललं तर हसायचं नाही. आणि शेवटचं कलम, इंग्रजीच्या तासाला मराठी बोलल्यास पाच रुपये दंड!

दुसऱ्या दिवशी भाजी घ्यायला गेले तर तिथंही हाच विषय. "पोरं काय पोलीस भरतीला निघालीत का एवढे नियम लावायला?" "गाईड नाही तर उत्तरं आणणार कुठनं?" "आम्हाला इंग्रजी येत असतं तर क्लासला पैसे कशाला भरले असते?" मी पालक-शिक्षक संघात असल्यामुळे सगळ्यांचं बोट माझ्याकडे. ताई, तुम्ही जा आणि सरांना सांगा.

खरं सांगते, मैत्रिणींनो, मलाही आधी सरांचाच राग आला होता. ज्या आयांनी इंग्रजीचा धसका घेतलाय, त्यांच्याच हातात इंग्रजी कागद द्यायचा म्हणजे काय? पण रात्री सगळं आवरल्यावर तो कागद पुन्हा वाचत बसले आणि आमच्या बचत गटातल्या एका मावशींची लेक डोळ्यांसमोर आली.

ही पोर २०२२ साली दहावी झाली. इंग्रजीत एकाहत्तर! मावशींनी गटाच्या बैठकीत पेढे वाटले होते. बारावीही बरी झाली आणि २०२४ मध्ये तिला नर्सिंगच्या तीन वर्षांच्या कोर्सला प्रवेश मिळाला. गटातून कर्ज काढलं, वर गळ्यातलं डोरलं ठेवून मावशींनी फी भरली. आणि महिनाभरात हॉस्टेलवरून रडत फोन सुरू झाले. शिकवतात ते सगळं इंग्रजीतून, पुस्तकं इंग्रजीतून. शरीराच्या भागांची नावं पाठ होत होती, पण त्या नावांच्या आजूबाजूला जी वाक्यं असतात ती समजत नव्हती. पेशंटच्या कागदावर सिस्टरनं काय लिहून ठेवलंय ते वाचता येईना, आणि विचारायची लाज. संक्रांतीला घरी आली ती परत गेलीच नाही. मावशी माझ्यासमोर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "ताई, इंग्रजीत एकाहत्तर होते हो तिला!"

काय उत्तर देणार? मार्क खोटे नव्हते, तिनं कॉपीही केली नव्हती. रात्री बारा-बारापर्यंत जागून अपेक्षित प्रश्नांची उत्तरं पाठ केली होती. पत्राचा नमुना पाठ, रिपोर्टचा नमुना पाठ, भाषणाची पहिली चार आणि शेवटची दोन वाक्यं पाठ. आपल्या मराठी माध्यमाच्या दहावीला इंग्रजी शंभर मार्कांचं. ८० लेखी आणि २० शाळेकडचे, म्हणजे तोंडी वगैरेचे. ते शाळेकडचे बहुतेक पोरांना अठरा-एकोणीस पडतातच. पुस्तकातल्या धड्यांची उत्तरं गाईडमध्ये तयार. उरतो तो न पाहिलेला उतारा. त्यातही प्रश्नातला शब्द शोधायचा, तो ज्या ओळीत असेल ती ओळ उतरवायची, ही युक्ती क्लासमध्ये शिकवतात. उतारा न समजताच उत्तर बरोबर येतं! एकाहत्तर मिळवणाऱ्या त्या पोरीनं तीन वर्षांत स्वतःचं म्हणून एकही इंग्रजी वाक्य तयार केलं नव्हतं. तशी वेळच तिच्यावर आली नाही, आणि आणलीही नाही कुणी.

तुम्हाला आठवत असेल, मार्च २०१९ च्या दहावीला भाषांचे हे शाळेकडचे २० मार्क काढून टाकले होते. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. केवढी ओरड झाली! पुढच्या वर्षीपासून ते मार्क परत आले. तेव्हा मीही ओरड करणाऱ्यांतच होते, कारण माझी मोठी त्याच सुमाराला दहावीच्या उंबरठ्यावर होती. मार्क परत मिळाले आणि आम्ही सगळ्या गप्प बसलो. तोंडी परीक्षेत पोरं तोंड उघडतात का, हे विचारायला काही कुणी शाळेत गेलं नाही. मीही नाही.

आता माझंच सांगते. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. (राज्यात ते पहिलीपासून आलं २००० साली.) आठवीत असताना आमच्या बाईंनी मला उभं केलं आणि काल काय केलंस ते इंग्रजीत सांग म्हणाल्या. मी म्हटलं, "यस्टरडे आय ॲम गो टू बाजार." सगळा वर्ग खो-खो हसला. बाईसुद्धा हसल्या, वाईट हेतूनं नसेल, पण हसल्या. त्या दिवसापासून दहावीपर्यंत मी इंग्रजीच्या तासाला तोंड उघडलं नाही. मार्क मात्र चांगले पडले. पुढे समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाले, तिथलं सक्तीचं इंग्रजीही गाईडच्या भरवशावर निघालं. आज गटाच्या कामासाठी बँकेत जाते, जिल्ह्याच्या मीटिंगला जाते. कुणी इंग्रजीत बोलायला लागलं की मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते! माझं वाक्य चुकलं होतं, पण ते माझं होतं. त्याच्यावर रेघ मारून खाली कुणी 'वेन्ट' लिहून दिलं असतं तर?

म्हणून चुकलेलं खोडू नका आणि चुकणाऱ्याला हसू नका, ही दोन कलमं वाचली आणि माझा निम्मा राग तिथंच गेला.

तरी सरांकडे गेले. नुसतं मान डोलवायला जायचं नव्हतंच. पहिलं म्हणजे त्यांना विचारलं, सर, हा कागद आयांसाठी आहे ना? मग आयांना वाचता येईल अशा भाषेत नको का? सर हसले, म्हणाले, इंग्रजीच्या वर्गाचा कागद मराठीत कसा देऊ? मग त्यांनाच एक कल्पना सुचली. पोरांनीच त्याचं मराठी करायचं आणि घरी वाचून दाखवायचं, हाच पहिला गृहपाठ! दहावीच्या पेपरातही पाच मार्कांचं मराठीत भाषांतर असतंच, तेव्हा सवयही होईल.

दुसरं दंडाचं. त्यावर मात्र मी अडून बसले. पाच रुपयांच्या भीतीनं पोरं इंग्रजी बोलायला लागणार नाहीत, बोलायचीच बंद होतील. ज्यांच्या खिशात पाच रुपये असतात ती बोलतील, आणि मजुरी करणाऱ्या घरातली पोरं तासभर ओठ शिवून बसतील. शिवाय अडलेली पोरगी "सर, हे कळलं नाही" एवढं मराठीत म्हणाली तर तो काय गुन्हा आहे? सरांना पटायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं, एकदा मराठीला मोकळीक दिली की पोरं इंग्रजीकडे वळतच नाहीत. त्यातही तथ्य आहे, नाही असं नाही. शेवटी असं ठरलं, की अडलं तर मराठीत विचारायचं, पण विचारून झालं की तेच इंग्रजीत म्हणून बघायचं, येईल तसं. दंड गेला.

आणि तिसरं, मी जरा धीर करून विचारलं, "सर, पोरांच्या जबाबदाऱ्या अकरा, तुमच्या किती?" ते गप्प झाले. मग म्हणाले, "ताई, वर्गात अडुसष्ट पोरं आहेत. रोजच्या वह्या बघायच्या म्हटलं तर रात्र पुरणार नाही. त्यात निवडणुकीची कामं, ऑनलाईन माहिती भरणं." हेही खरंच. आपण शिक्षकांना नावं ठेवतो, पण अडुसष्ट वह्या उघडून बघा एकदा. तरी त्यांनी स्वतःहून दोन ओळी खाली लिहून दिल्या. आठवड्याला प्रत्येकाची शब्दांची वही एकदा तपासीन. आणि धड्याची उत्तरं फळ्यावर तयार लिहून देणार नाही, आधी पोरांची ऐकीन. त्याखाली सही केली. मला फार बरं वाटलं.

आता आपल्याकडे येऊ. कारण त्या कागदावर आपलीही सही आहे. आपल्याला इंग्रजी येत नाही हे कारण मी स्वतः कित्येक वर्षं वापरलंय. पण गृहपाठ स्वतःचा आहे की उतरवलेला, हे ओळखायला इंग्रजी कशाला यायला पाहिजे? पोरगी दहा मिनिटांत दोन पानं सुरेख अक्षरात लिहून मोकळी झाली, की समजावं! हल्ली तर गाईडचीही गरज उरली नाही. मोबाईलला मराठीत सांगितलं की तो अख्खा निबंध इंग्रजीत लिहून देतो, तोही एकही चूक नसलेला. नववीतल्या पोराच्या वहीत एकही चूक नाही, याचा आपल्याला आनंद व्हायचा की काळजी वाटायची? मोबाईलवर शब्दाचा अर्थ बघावा, उच्चार ऐकावा, त्याला माझी ना नाही. पण वाक्य त्यानं करायचं नाही.

मी आमच्या गल्लीतल्या आयांना एवढंच सांगितलं. रोज भाकरी थापताना पोराला जवळ बसवा, आजचा उतारा मोठ्यानं वाचायला लावा आणि मग विचारा, यात काय सांगितलंय ते मला मराठीत सांग. त्याला सांगता आलं तर त्याला समजलंय. "अगं, म्हणजे ते असं... तुला नाही कळणार" असं म्हणाला, तर त्यालाच कळलेलं नाही, हे खुशाल समजा! एका वहिनींनी हे करून बघितलं. त्यांच्या लेकानं कोळ्याची गोष्ट वाचली आणि मराठीत सांगताना अडकला, कारण कोळी म्हणजे मासे धरणारा की जाळं विणणारा, हेच त्याला माहीत नव्हतं. आईनं विचारलं, "झाडावर मासे कशाला धरेल रे तो?" मग दोघांनी मिळून डिक्शनरी उघडली. ती डिक्शनरी तीन वर्षांपूर्वी बक्षीस मिळालेली, प्लॅस्टिकच्या कव्हरसकट कपाटात होती!

मार्क कमी होतील, ही भीती मात्र मी कुणाला खोटं सांगून घालवलेली नाही. होतील. निदान पहिल्या घटक चाचणीत तरी होतील, कारण स्वतःची वाक्यं चुकतात आणि गाईडची चुकत नाहीत. पहिल्या चाचणीत माझ्या धाकटीला वीसपैकी नऊ पडले. ह्यांनी विचारलं, "काय गं, हे तुझ्या सरांचं नवं शिकवणं?" मी उत्तरपत्रिका उघडून दाखवली. नऊचे नऊ मार्क तिचे होते. ह्यांना फारसं पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही, त्यामुळे आमच्या घरी क्लासचा विषय आठवड्यातून एकदा निघतोच.

मावशींची लेक सध्या एका मेडिकल दुकानात कामाला जाते. मी तिला म्हटलंय, रविवारी दुपारी माझ्याकडे ये, आपण दोघी वही घालू. रोज पाच शब्द, आणि चुका करायला मी आहेच सोबत. ती अजून आली नाही. मी पुन्हा एकदा जाऊन येणार आहे.

परवा धाकटीची शब्दांची वही सहज चाळत होते. त्या दिवशीच्या पाच शब्दांत 'एक्स्पेक्ट' होता. पुढे तिनं वाक्य लिहिलं होतं, "माय मदर एक्स्पेक्ट मी टू वॉश माय ओन टिफिन." सरांनी लाल पेनानं एका अक्षराची भर घातली होती आणि बाजूला बरोबरची खूण केली होती. डबा मात्र अजून मीच घासतेय!