तारेची किंमत आणि कानाची साक्ष

ध्वनियंत्रांचा शौक आमच्या शहरातील मराठी घरांतून अलीकडे चांगलाच बळावला आहे. काचीगुड्यापासून हनुमान टेकडीपर्यंत ज्या दिवाणखान्यांत एके काळी चावीचा फोनो होता, तेथे आता अॅम्प्लिफायर आणि कमरेइतके उंच स्पीकर उभे आहेत. त्यात गैर काहीच नाही. माझी तक्रार निराळी आहे. यंत्राच्या मागोमाग सुधारणा येतात: हजारो रुपयांची तांब्याची तार, यंत्राखाली ठेवायचे लाकडी ठोकळे, विजेची खास दोरी. दुकानदार म्हणतो, "साहब, फर्क खुद सुनाई देगा." आणि खरोखरच तो ऐकू येतो! प्रश्न इतकाच की, तो येतो कोठून?

बारीक फरक कानाला कळत नाहीत असे मी मुळीच म्हणणार नाही. दरबारी गवयाच्या घरात वाढलेला माणूस तसे कसे म्हणेल? तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो. तो केसभर सरकला की मिटलेला आवाज उघडतो. वडील शागिर्दाला भिंतीकडे तोंड करून बसवीत, दोरा हलवीत आणि विचारीत, "आता?" कधी दोऱ्याला नुसता हात लावून, तो न हलवताच विचारीत. तेव्हाही जो "आता अधिक गोड" म्हणे, त्याला त्या दिवशी गाणे नाही. नुसता तंबोरा छेडत बसायचे.

भिंतीकडे तोंड करण्याचे हे शास्त्र पश्चिमेकडील पंडितांनीही ओळखले आहे. २०१० साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे २१ कसलेल्या व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांवर गडद चष्मे चढवून त्यांच्या हाती तीन जुनी व तीन नवी वाद्ये दिली. जुन्यांत दोन स्ट्राडिव्हेरियसची होती. सर्वांत अधिक पसंती मिळाली ती एका नव्या वाद्याला, आणि सर्वांत कमी एका स्ट्राडिव्हेरियसला! नाव दिसेनासे झाले की कान निराळे बोलू लागतात.

तारेचे गणित तर शाळकरी आहे. एक चौरस मिलिमीटर छेदाची साधी तांब्याची तार पाच मीटर न्यावी, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर. तिचा रोध सुमारे ०.१७ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो दोन टक्के. आवाजात पडणारा फरक डेसिबलच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. याउलट तार बदलताना आवाजाची कळ चुकून किंचित पुढे गेली, तर गाणे मोठे न वाटता अधिक स्वच्छ वाटते. पुष्कळ सुधारणांचे यश या एका कळीत आहे.

माझ्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांनी तारेपायी जेवढी रक्कम मोजली, तेवढ्यात मिरजेचा उत्तम तंबोरा आला असता. त्यांची नात माझ्याकडे शिकते आणि मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर गाते. तिच्या तंबोऱ्याचे "पुढच्या वर्षी पाहू". मला हे सहन होईना. एका रविवारी मी त्यांना राजी केले. आवाज मापून सारखा केला, स्पीकरच्या मागे चादर टांगली, आणि त्यांचा मुलगा नाणे उडवून कधी जुनी तार जोडी, कधी नवी. सोळा वेळा. सोळांपैकी बारा किंवा अधिक उत्तरे नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याचा संभव शंभरात चार इतकाच. म्हणून बारा आली तर मी मान तुकवणार होतो. त्यांची बरोबर आली नऊ. "तरी तारेत काही तरी आहे," ते म्हणाले. असेल बुवा.

मग मी स्पीकर कोपऱ्यातून हात-दीड हात पुढे ओढला आणि शहाबादी फरशीवर जाड सतरंजी पसरली. नात आतल्या खोलीत अभ्यास करीत होती. आम्ही काय चालविले आहे याची तिला कल्पना नव्हती. ती तेथूनच ओरडली, "आजोबा, डग्ग्याचं घुमणं गेलं! आता बोल कळतात." कोपऱ्यात खर्ज फुगतो, नागवी फरशी आवाज उलट फेकते. या सुधारणेला खर्च शून्य.

रसिकतेला तराजूत घालू नये, असे काही जण म्हणतील. पण सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातील स्वर मोजून १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिलाच ना? १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींचा वाद चार जाणत्यांपुढे झालाच ना? मग एका तारेची एवढी मिजास कशाला? दुकानदाराला पैसे देण्यापूर्वी विचारावे, चादरीमागून सोळा वेळा वाजवाल काय? अर्ध्या तासाचे तर काम आहे.