बाटलीत काही उगवलं नाही

एका वाचकाने या आठवड्यात बायकोची फाईल पाठवली. सोबत दोनच ओळी: "तुम्ही सदरात सारखं कल्चर कल्चर करता. घ्या, केलं कल्चर. काही निघालं नाही. आता बोला."

बोलतो.

फाईल जाड आहे. बाई चाळिशी ओलांडलेल्या. लहानपणी सांधे सुजायचे, ताप यायचा (झडप बिघडवणारा रूमॅटिक ताप), म्हणून दर २१ दिवसांनी पेनिड्युरचं, म्हणजे पेनिसिलिनचं, इंजेक्शन चालू होतं. सातवीत ते बंद झालं, कारण दुखायचं फार आणि 'आता बरी आहे की'. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी कोणीतरी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि 'व्हॉल्व्ह लीक आहे' असं लिहून ठेवलं. मायट्रल झडप. तो कागद फाईलमध्ये आहे, अगदी तळाशी. वरचे सगळे कागद यंदाचे. संध्याकाळी बारीक ताप, जेवण जात नाही, वजन उतरलेलं. पहिल्या डॉक्टरांनी तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या. ताप गेला, गोळ्या संपल्या, ताप आला. दुसऱ्यांनी विडाल, म्हणजे टायफॉईडची रक्ततपासणी, केली. विडालबद्दल या सदरात मी इतकं लिहिलंय की आता नुसतं नाव घेतो. टायफॉईड ठरला. सात दिवस सिफ्ट्रियाक्झोन, सलाईनमधून. ताप गेला, आठवड्याने परत आला. मग आणखी तीन अँटिबायोटिकं, त्यातली दोन मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने. शेवटी जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा टूडी इको झाला: गळक्या झडपेवर व्हेजिटेशन, म्हणजे जंतूंचा गोळा, आणि गळती 'सिव्हिअर'. त्यानंतर कोणाला तरी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखायची तपासणी, आठवलं. एक बाटली. नो ग्रोथ.

काय उगवणार? शेतात तणनाशक पाच वेळा मारून झाल्यावर तण कोणतं होतं ते बघायला गेल्यासारखं आहे हे.

ही पानं उलटताना मला सारखा माहलर आठवत होता. गुस्टाव्ह माहलर, व्हिएन्नाचा संगीतकार, स्वतःच्या हयातीत मात्र संगीतरचनांपेक्षा वाद्यवृंदाचा संचालक म्हणूनच जास्त गाजलेला. १९०७च्या जुलैत त्याची थोरली मुलगी गेली, आणि त्याच दिवसांत डॉक्टरांनी त्याची छाती ऐकून झडपेत दोष असल्याचं सांगितलं. त्याचीही मायट्रलच. डोंगर चढणारा, तळ्यात पोहणारा हा माणूस खिशात पावलं मोजायचं यंत्र घेऊन जपून चालायला लागला. (मनगटावर दहा हजार पावलं मोजणाऱ्यांनो, ही फॅशन जुनी आहे.) तशा झडपेसह त्याने न्यूयॉर्कमध्ये काम केलं. २१ फेब्रुवारी १९११ला अंगात ताप असताना कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम केला. तो शेवटचा ठरला.

ताप हटेना, तेव्हा त्याच्या डॉक्टरांनी माउंट सायनाय रुग्णालयातल्या इमॅन्युएल लिबमन यांना बोलावलं. लिबमन यांनी आदल्याच वर्षी या रेंगाळणाऱ्या हृदयसंसर्गावर निबंध प्रसिद्ध केला होता. त्यांनी छाती ऐकली, कातडीवरचे रक्ताचे टाचणीएवढे ठिपके पाहिले, बोटांची टोकं पाहिली, पोट चाचपून फुगलेली प्लीहा शोधली. मग आपल्या तरुण सहाय्यकाला, जॉर्ज बेअरला, बोलावून घेतलं. बेअर मोठी सिरिंज, मांसरसाच्या कुप्या आणि काचेच्या ताटल्या घेऊन आला. दंडातून २० मिलिलिटर रक्त काढलं. काही कुप्यांत सोडलं, उरलेलं पातळ केलेल्या अगारमध्ये मिसळून तिथल्या तिथे ताटल्यांत ओतलं. चार-पाच दिवसांनी प्रत्येक कुपीत एकच जंतू: स्ट्रेप्टोकॉकस व्हिरिडान्स. आपल्या सगळ्यांच्या तोंडात एरवी गुमान राहणारा.

निदान पक्कं. औषध नाही. माहलरने खरं काय ते सांगा असा आग्रह धरला. सांगितल्यावर म्हणाला, मरायचं तर व्हिएन्नात. वाटेत पॅरिसला शांतमेस नावाच्या जंतुशास्त्रज्ञाने रक्तद्रवाचा उपाय करून पाहिला. उपयोग व्हायचा नव्हताच. १८ मे १९११ला व्हिएन्नात गेला, पन्नाशीत.

आता हे दोन कागद शेजारी ठेवा. १९११च्या न्यूयॉर्कमध्ये जंतूचं नाव हातात होतं आणि त्याला मारणारं काहीही पृथ्वीवर नव्हतं. आज आपल्याकडे मारणारं इतकं आहे की ते किराणा सामानासारखं मिळतं, आणि जंतूचं नाव नाही. लिबमनकडे इको नव्हता. दोन डोळे, दोन कान, दहा बोटं आणि एक सहाय्यक, एवढाच त्यांचा संच. आमच्या बाईंच्या तालुक्यात इकोची मशीन आहे, पण या सगळ्या कागदांवर नखांबद्दल एक शब्द नाही. नखाखाली लाल रेघा होत्या का? पापणी उलटून ठिपके बघितले का? 'मर्मर' (हृदयातला जादा आवाज) हा शब्द इकोनंतर अवतरतो, म्हणजे मशीनने ऐकल्यावर डॉक्टरांना ऐकू आलं. बेअरने २० मिलिलिटर रक्त घेतलं होतं. आज पुस्तक सांगतं, वेगवेगळ्या जागी टोचून किमान तीन वेळा घ्या, मोठ्यांना दर बाटलीत आठ-दहा मिलिलिटर भरा, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी घ्या. बाईंची एकच बाटली, आणि फॉर्मवरचा 'प्रतिजैविके चालू आहेत का' हा रकाना कोरा. लॅबनेही विचारलं नाही. एके काळी लॅबमध्ये माझ्या हाताखालच्या मुलांनी असा फॉर्म घेतला असता तर मी त्यांना परत पाठवलं असतं, आणि त्यांनी माझ्यामागे मला काय म्हटलं असतं तेही मला माहीत आहे.

आणखी एक फरक. माहलरला खरं हवं होतं, मिळालं. बाईंच्या नवऱ्याने पत्राच्या शेवटी लिहिलंय, "तिला अजून काही सांगितलेलं नाही, घाबरेल." दम लागतोय, हाताला नळी आहे, रोज इंजेक्शनं चाललीत आणि तिला काही कळलेलं नाही, असं या गृहस्थांना वाटतं.

कोणी म्हणेल, नाव नाही कळलं तर काय बिघडलं, औषध चालूच आहे ना? बिघडतं ते असं. झडप नीट मिटत नाही तेव्हा रक्ताची चिळकांडी उलटी उडते, तिच्या माराने आतलं अस्तर खरवडलं जातं आणि तिथे गुठळीचा पातळ थर धरतो. हिरड्यांतून, एखाद्या जखमेतून रक्तात उतरलेले जंतू त्या थरात जाऊन बसतात. झडपेच्या पडद्याला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळे पांढऱ्या पेशी तिथे पोचत नाहीत आणि औषधही झिरपत झिरपत पोचतं. तीन दिवसांच्या गोळ्यांनी रक्तात फिरणारे मरतात, व्हेजिटेशनमधले शिल्लक राहतात. ताप जातो आणि येतो, तो म्हणून. मधल्या काळात ते पडद्याला भोक पाडतात, पडदा धरून ठेवणारे दोर तोडतात, गळती वाढते. व्हेजिटेशनचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा. म्हणून उपचार शिरेतून, चार ते सहा आठवडे. जंतू व्हिरिडान्स निघाला असता तर बहुतेक वेळा साधं पेनिसिलिन किंवा तेच सिफ्ट्रियाक्झोन चार आठवड्यांत काम करतं. नाव नाही, म्हणून आता अंदाजाने दोन-तीन औषधं एकत्र, त्यातलं जेंटामायसिन, म्हणजे दर काही दिवसांनी किडनीची तपासणी. हा सगळा खर्च एका कोऱ्या रकान्याचा.

डॉक्टरांची बाजू मला ठाऊक आहे. पावसाळ्यात दवाखान्यासमोर रांग असते, प्रत्येकाला उद्या कामावर जायचं असतं, आणि अँटिबायोटिक न देणारा डॉक्टर 'त्याला काही येत नाही' म्हणून बाद होतो. प्रत्येक तापाचं कल्चर करा असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण आठवडाभर हटत नाही असा ताप घेऊन आलेल्या माणसाला 'तुमच्या हृदयात काही आवाज आहे, व्हॉल्व्ह लीक आहे असं कधी कोणी म्हणालं होतं का?' एवढं विचारायला किती वेळ लागतो? बाईंनी हो म्हटलं असतं. त्यांना ते माहीत होतं. कोणी विचारलंच नाही.

उलट बाजूला तपासणीचे पॅकेजवाले. 'संपूर्ण हृदय तपासणी'वरच्या माझ्या लेखानंतर आलेल्या पत्रांत निम्मी पत्रं 'ट्रिव्हियल एमआर'ची, म्हणजे मायट्रल झडपेच्या नगण्य गळतीची, होती. ठणठणीत माणसाच्या इकोतही इवलीशी गळती दिसते. ती गळती म्हणजे आजार नव्हे, मशीन चांगली असल्याची खूण. पण ती कागदावर ठळक छापतात, गृहस्थ झोप घालवून बसतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा पॅकेज घेतात. जिच्या गळतीला कोणी तरी लक्ष द्यायला हवं होतं तिला टायफॉईड.

पिंपरीचं नाव निघाल्याशिवाय माझा लेख संपत नाही, असं संपादक म्हणतात. त्यांचा मान ठेवतो. झडपेवरच्या जंतूंचा हा आजार पूर्वी जवळजवळ हटकून मारायचा. १९४४ मध्ये ब्रुकलिनच्या लिओ लोव यांनी सात रुग्णांवर पेनिसिलिनचा यशस्वी वापर केल्याचं प्रसिद्ध केलं आणि चित्र पालटलं. दहा वर्षांत, १९५४ला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन बनायला लागलं. मग चीनचा स्वस्त माल आला आणि पेनिसिलिन जी बनवणं आपण देशभर सोडून दिलं. ते पुन्हा सुरू करायला सरकारी अनुदानाची योजना आणि २०२४ साली काकीनाड्याचा कारखाना लागला. माझं म्हणणं असं, की ज्या देशाने पेनिसिलिन बनवणं सोडलं त्या देशातले डॉक्टर ते टोचणंही विसरले. 'रिअ‍ॅक्शन येते हो' म्हणत दर २१ दिवसांचं इंजेक्शन नाकारणारे दवाखाने तुम्हीही पाहिले असतील. कारखान्याचा आणि या भीतीचा संबंध काय, असं विचारणाऱ्या अर्थतज्ज्ञ मित्राला मी दाद देत नाही.

पण इंजेक्शनचा मुद्दा पिंपरीवाचूनही उभा राहतो. युगांडात ८१८ मुलांवर केलेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. इकोत रूमॅटिक झडपेची नुसती सुरुवात दिसणाऱ्या या मुलांपैकी निम्म्यांना दर महिन्याला पेनिसिलिन टोचलं. दोन वर्षांत त्यांच्यातल्या ०.८ टक्के मुलांची झडप आणखी बिघडली, न टोचलेल्यांतल्या ८.२ टक्क्यांची. आणि झडप एकदा बिघडलेलीच असेल तर ते चाळिशीपर्यंत चालू ठेवावं असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. सातवीपर्यंत नव्हे.

दातांचा प्रश्न पत्रांत हमखास असतो, तेव्हा तोही उरकतो. व्हॉल्व्ह बदललेला असेल, किंवा झडपेचा हा संसर्ग आधी एकदा होऊन गेला असेल, किंवा जन्मजात हृदयदोषाचे काही ठरावीक प्रकार असतील, तर दाढ काढण्याआधी, हिरड्यांवरच्या कामाआधी, तासभर आधी अमॉक्सिसिलीनचे २ ग्रॅम एकदाच. अमेरिका आणि युरोप दोन्हीकडे हेच आहे. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टर दुसरं देतील, पण आपला इतिहास दातांच्या डॉक्टरांना खुर्चीत बसण्याआधी सांगायचा. इंग्लंडने २००८ मध्ये हे डोस सगळ्यांचेच बंद केले. महिन्याला सुमारे १०,९०० होते ते २,२३६वर आले. २०१३च्या मार्चपर्यंत हृदयसंसर्गाचे रुग्ण अपेक्षेपेक्षा महिन्याला ३५ने जास्त झालेले दिसले. कारण तेच, हे सिद्ध झालं नाही, पण २०१६ला त्यांनी आपला हुकूम सैल केला. त्यांना हा फरक दिसला कारण ते मोजतात. आपल्याकडे कोण, किती, कशासाठी घेतं हे फक्त मेडिकलवाल्याला ठाऊक.

नुसती गळती असेल, झडप स्वतःचीच असेल, तर बहुतेक ठिकाणी हा डोस सांगत नाहीत. ऑस्ट्रेलियात तिथल्या मूलनिवासींच्या रूमॅटिक झडपांसाठी सांगतात, म्हणून आपल्याकडच्या रूमॅटिकवाल्यांनी आपल्या हृदयाच्या डॉक्टरांना जरूर विचारावं. बाकीच्यांनी दोन वेळा दात घासावेत, हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरकडे जावं, आणि ताप आठवडाभर राहिला तर गोळी गिळण्याआधी दंड पुढे करावा.

हे छापून आल्यावर 'मग रोज एक अमॉक्सिसिलीन घेतली तर चालेल का' असं पत्र येणार. नाही चालणार.