हजेरीपटाबाहेरचे आजारपण

घरी बसून दुसऱ्याचे काम करण्याची पद्धत २०२० च्या टाळेबंदीत जन्माला आली, असा पुण्यातल्या पुष्कळ सुशिक्षितांचा समज आहे. हिंजवडी-खराडीच्या काचेच्या इमारती आठवडाभरात ओस पडल्या आणि 'वर्क फ्रॉम होम' हे शब्द आजीबाईंच्याही तोंडी बसले. पण भवानी पेठेतल्या पद्मशाली बायका त्याआधी कित्येक दशके हेच करीत होत्या. कारखान्यातून तेंदूची पाने आणि तंबाखू आणायची, पोरेबाळे आणि चूल सांभाळून विड्या वळायच्या आणि हजाराच्या हिशेबाने नेऊन द्यायच्या. घेणारा माणूस जुड्या तपासून नापसंत विड्या बाजूला काढी. त्यांचे पैसे मिळत नसत.

या बायका आमच्या नोकर नव्हेतच, असे कारखानदार म्हणत. त्या आपल्या घरात, आपल्या सवडीने काम करतात, आम्ही फक्त तयार माल घेतो. ऐकायला युक्तिवाद बिनतोड. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार म्हटले, तेव्हा मंडळी न्यायालयात गेली. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मुख्यत्वे उचलून धरला. मग भविष्यनिर्वाह निधीवरून पुन्हा वाद. १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्स यांच्या प्रकरणात न्यायालयाने दिलेले उत्तर मला कायद्यापेक्षाही घरगुती शहाणपणाचे वाटते. आणलेली विडी तपासून नाकारण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याचेच कामावर नियंत्रण. बाई कुठे बसून विडी वळते याने काही बिघडत नाही. औषधपाण्याची सोयही अशीच झाली. १९७६ च्या कायद्यांनी विड्यांवर उपकर बसवून कल्याण निधी उभा केला आणि त्यातून दवाखाने निघाले. ते पुरेसे होते असे त्या बायकाही म्हणणार नाहीत, आणि २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तो उपकरही रद्द झाला. तरी तत्त्व म्हणून एक गोष्ट मान्य झाली होती: घरी काम करणाऱ्याच्या आजारपणाचा भार त्याच्या मालाच्या किमतीत धरलेला असला पाहिजे.

हे विडीपुराण संगणकाच्या मुलांना कशाला, असे कुणी विचारील. माझ्या माहितीतला एक तरुण पुण्यातल्या कंपनीचे काम उदगीरहून करतो. आईवडील तिथे, शेत तिथे, इथल्या दोन खोल्यांचे भाडे वाचते. कंपनीने सामुदायिक मेडिक्लेम दिला आहे, कार्डही आहे. वडिलांना छातीत दुखू लागले तेव्हा गावातल्या ज्या रुग्णालयात त्यांना नेले, ते विमा कंपनीच्या यादीत नव्हते. यादीतली नावे बहुतेक पुण्यातली. पैसे आधी उभे करा, बिले नंतर पाठवा, असे उत्तर मिळाले. वडील वाचले, पण त्या रात्री सोने गहाण पडले. कंपनीने विमा घेताना आपल्या कचेरीभोवतीचा नकाशा पाहिला होता, माणसे कुठे राहतात हा नकाशा कुणी मागितलाच नव्हता.

बँकेत आयुष्य गेल्याने मला कागद वाचायची खोड आहे. विम्याच्या सर्वसाधारण अटींत 'रुग्णालय' कशाला म्हणायचे याची व्याख्या असते. त्याची रीतसर नोंदणी तरी हवी, नाहीतर दहा लाखांच्या आतल्या गावात किमान १० खाटा आणि मोठ्या शहरात १५ खाटा हव्यात. शिवाय चोवीस तास परिचारिका वगैरे. तालुक्यातल्या सहा खाटांच्या डॉक्टरची नोंदणी आहे की नाही, हे झटका आलेल्या माणसाने विचारायचे! जानेवारी २०२४ मध्ये सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या परिषदेने यादीबाहेरच्या रुग्णालयातही रोकडविरहित उपचाराची योजना जाहीर केली. तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कळवायचे, अशी तिची अट. योजना चांगलीच आहे. पण रुग्णालयाने होकार द्यायला हवा, आणि तो द्यायची त्याच्यावर सक्ती नाही.

आम्हा बँकवाल्यांचे जरा बरे होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१५ च्या वेतनकरारात सगळ्या बँकांसाठी एकत्र सामुदायिक विमा आला. मुंबईच्या मुख्य कचेरीतला आणि मराठवाड्यातल्या आडगावच्या शाखेतला, दोघांना नियम एकच. तिथेही बिलांच्या फायली अडत, शिक्का पुसट म्हणून परत येत. पण भांडायला संघटना होती आणि हिशेब विचारायला मालक होता. घरून काम करणाऱ्या मुलांना या दोन्हींची सवय नाही, आणि ती लागू नये याची काळजी घेणारेही पुष्कळ आहेत.

कारण यादी नसणे हे सौम्य दुखणे झाले. त्याहून वाईट स्थिती त्यांची, जे परदेशातल्या कंपनीसाठी पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसून काम करतात आणि कागदोपत्री 'कंत्राटदार' असतात. महिन्याला बिल पाठवायचे, डॉलरचे रुपये होऊन खात्यात जमा. कंपनीची भारतात कचेरी नाही, म्हणून विमा नाही, निधी नाही, प्रसूतीची रजा नाही. मात्र सकाळी ठरल्या वेळी लॉगिन हवे, कुठे कुठे तर पडद्याचे चित्र ठरावीक वेळाने आपोआप टिपले जाते, आणि न आवडलेले काम नाकारले जाते. विडी तपासणाऱ्याच्या हाती याच्या निम्मेही नियंत्रण नव्हते.

अशा कंपन्यांचे ठरलेले उत्तर असते की आम्ही पगारातच भत्ता देतो, त्याने आपापला विमा घ्यावा. तिशीतल्या धडधाकट माणसाला हे पटते. पण ज्याला मधुमेह आहे त्याने वैयक्तिक पॉलिसी घेऊन पाहावी. आधीपासूनच्या आजारासाठी विमा कंपनी थांबायला लावते. ही मुदत २०२४ मध्ये चार वर्षांवरून कमाल तीन वर्षांवर आणली, तरी ती तीन वर्षे आहेतच. चांगल्या सामुदायिक पॉलिसीत ती सहसा पहिल्या दिवसापासून माफ असते, कारण शंभर जणांत पाच आजारी निघणार हे विमेवाल्याने आधीच धरलेले असते. भत्ता देऊन मालक हे शंभर जण एकेकटे करतो. शिवाय भत्ता पगारात मिसळतो आणि त्यावर प्राप्तिकर लागतो. मालकाने परस्पर भरलेल्या हप्त्यावर तो नोकरदाराला लागत नाही. ज्याला विम्याची खरी गरज, त्यालाच तो महाग पडतो किंवा मिळत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी अडून आहे. 'मालक दूर आहे, एक नाही, कागदावर नाही' ही सबब निदान पुण्यात तरी कुणी सांगू नये. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. हमालाचे ओझे आज एका व्यापाऱ्याचे, उद्या दुसऱ्याचे. मग मालक कोण? कायद्याने हा प्रश्नच बाजूला ठेवला. ज्याने काम घेतले त्याने मजुरीबरोबर लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने निधी, रजा, औषधोपचार पाहायचे. कचरावेचकांना तर मालकच नव्हता. १९९३ मध्ये त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००२-०३ पासून पुणे महापालिका त्यांच्या जनआरोग्य विम्याचा हप्ता भरू लागली. त्या योजनेचे संरक्षण मूळचे अवघे ५,००० रुपयांचे होते. पण शहर स्वच्छ ठेवणाऱ्याच्या आजारपणात शहराचा वाटा आहे, हे कबूल करणारा ठराव लाखमोलाचा होता.

सरकारने मधल्या काळात काही केले नाही असे नव्हे. १५ एप्रिल २०२० च्या केंद्रीय आदेशाला जोडलेल्या कार्यपद्धतीत कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा करावा असे एक वाक्य होते. साथ ओसरली तसे तेही विस्मरणात गेले. कर्मचारी राज्य विमा आहे, पण १ जानेवारी २०१७ पासून त्याची वेतनमर्यादा २१,००० रुपये ठरली. त्याच्या वरचे लाखो नोकरदार मालकाच्या मर्जीवर. राज्याच्या महात्मा फुले योजनेचे छत्र पाच लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, त्याचे स्वागतच; परंतु परदेशी कंपनीच्या नफ्यासाठी जागरण करणाऱ्याचे बिल महाराष्ट्राच्या तिजोरीने का भरावे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली. त्यात 'घरातून काम करणारा कामगार' अशी स्वतंत्र व्याख्या आहे, आणि ती वस्तूंबरोबर सेवा देणाऱ्यालाही लागू पडते. म्हणजे विडीवाली बाई आणि उदगीरचा मुलगा एकाच वाक्यात बसू शकतात. पण पैशाकडे पाहिले की फरक कळतो. खाद्यपदार्थ पोचवणाऱ्या पोरांसाठी ॲपवाल्या कंपनीने वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावेत, असे संहितेतच लिहिले आहे. घरून काम करणाऱ्यासाठी असा आकडा नाही. तो असंघटितांत मोडतो, आणि त्याच्या योजनेत मालकाचा वाटा असावा की नसावा हे योजना आखणाऱ्यावर सोडले आहे. तिथे माथाडीसारखी लेव्ही हवी. जो मोबदला देतो त्याने त्याबरोबर ठरावीक हिस्सा भरावा. परदेशातून पैसे येतात ते शेवटी बँकेतूनच येतात, आणि ते कशापोटी आले याची नोंद बँक आजही ठेवते. ती नोंद करणाऱ्या टेबलावर मी बसलो आहे. तिथे आणखी एक रकाना वाढवायला फार मोठी क्रांती लागत नाही.